स्टँडमागच्या बायकांना ‘हटवा’ म्हणण्याआधी

लांब लिहिलंय. सवडीनं वाचा, पण कमेंट करायची असेल तर शेवटपर्यंत वाचून करा, एवढीच विनंती.

स्टँडच्या मागच्या गल्लीतल्या रहिवाशांनी आणि व्यापाऱ्यांनी गेल्या आठवड्यात पोलीस स्टेशनला निवेदन दिलं, ते बहुतेकांनी ग्रुपवर वाचलं असेल. संध्याकाळनंतर तिथं ज्या बायका उभ्या राहतात त्यांचा ‘कायमचा बंदोबस्त’ करावा, आठ दिवसांत कारवाई झाली नाही तर रास्ता रोको, असा मजकूर आहे. खाली भरपूर सह्या आहेत. सह्या करणाऱ्यांत माझे वर्गमित्र आहेत, एक लांबचा मेव्हणा आहे, आणि मी रोज ज्याच्याकडे चहा पितो तो माणूसही आहे. येत्या सोमवारी संध्याकाळी पाच वाजता पोलीस स्टेशनला त्यावर बैठक आहे.

दरम्यान आणखी एक गोष्ट झाली. दोन-तीन पोरांनी रात्री बाईकवरून जाऊन त्या बायकांचे व्हिडिओ काढले आणि ग्रुपवर टाकले. चेहरे स्वच्छ दिसतायत. खाली हसण्याचे इमोजी आहेत. त्यातल्या एका बाईची मुलगी आपल्याच गावातल्या शाळेत जाते. शाळा कुठली ते मी लिहिणार नाही. पण तिच्या वर्गातल्या पोरांच्या घरोघरी तो व्हिडिओ पोचला असणार, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून हे लिहितोय.

निवेदन देणाऱ्यांचा राग खोटा नाही, हे आधी सांगतो. ती गल्ली मला माहितीय. संध्याकाळच्या क्लासहून सुटलेल्या पोरी तिथूनच घरी जातात. दारू प्यालेली माणसं त्यांच्या शेजारी येऊन ‘किती?’ म्हणून विचारतात. तिथल्या एका वहिनींनी मला सांगितलं, दळण घेऊन येताना एक बाईकवाला शेजारी येऊन थांबला आणि नुसता हॉर्न वाजवत राहिला. त्या दिवसापासून त्या अंधार पडल्यावर दळणाला जात नाहीत. भिंतीच्या कडेला बाटल्या पडलेल्या असतात. दुकानात दिवे लागले की बायका-गिऱ्हाईकं तिकडं फिरकत नाहीत. आपल्या दारात हे रोज चाललेलं असताना कुणी येऊन ‘जरा समजून घ्या’ म्हणायला लागला तर मलाही राग येईल.

पण त्या सगळ्या तक्रारी परत एकदा वाचा. पोरींना ‘किती’ विचारणारा पुरुष. हॉर्न वाजवणारा पुरुष. बाटल्या फोडणारा, भिंतीला उभा राहणारा, भांडणं करणारा पुरुष. आणि निवेदनात बंदोबस्त मागितलाय तो बायकांचा. अख्ख्या निवेदनात ‘गिऱ्हाईक’ हा शब्द एकदाही आलेला नाही. जणू या बायका तिथं उभ्या राहतात आणि समोर कुणीच येत नाही. जे येतात ते परगावचेच असतात असंही समजू नका. गाड्यांचे नंबर बघितले की कळतं.

आता ‘हटवण्या’बद्दल. मी या गावात वीस-एक वर्षं बातमीदारी करतोय. एवढ्या काळात या बायकांना तीनदा हटवलेलं मी बघितलंय. आधी त्या जुन्या जकात नाक्यापाशी उभ्या असायच्या. तिथं कॉम्प्लेक्स झालं, निवेदन गेलं, महिनाभर पोलिसांची गाडी फिरली, बायका बाजारतळावर गेल्या. बाजारतळाला कंपाउंड झालं, परत निवेदन, परत गाडी, तेव्हा त्यांना बायपासला घालवलं. बायपासच्या ढाबेवाल्यांनी ओरड केली, तशा त्या स्टँडमागं आल्या. जागा बदलल्या, गाव तेच, गिऱ्हाईक तेच. बायकांमध्ये काही नव्या आल्या, काही वारल्या.

कारवाई म्हणजे काय होतं तेही सांगतो. बायकांना गाडीत घालून ठाण्यात आणतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ११० खाली, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन, कागद करतात. दुसऱ्या दिवशी कोर्टात दंड. तो दंड भरायला पैसे नसतात, म्हणून ज्याच्याकडून उसने घेतले त्याचं देणं फेडायला बाई त्याच रात्री परत उभी राहते. एक हवालदार आता निवृत्त झालेत, त्यांनी मला एकदा चहा पिताना सांगितलं होतं, ‘पत्रकार साहेब, निवेदन आलं की वर काहीतरी दाखवावं लागतं. दिवसभर बंदोबस्ताला उभं राहिलेलं पोरगं रात्री ह्या बायका गोळा करतं. उद्या त्या परत येणार हे आम्हाला माहिती, त्यांना माहिती, निवेदन देणाऱ्यालाही माहिती.’ मला तो माणूस तेव्हाही प्रामाणिक वाटला, आताही वाटतो. पोलिसांना शिव्या घालायला ही पोस्ट नाही. गाव जे मागतं तेच ते देतात. आपण ‘दिसायला नको’ एवढंच मागतो.

बायपासच्या काळातली एक गोष्ट सांगतो. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. एका बाईला तिघांनी गाडीत घेतलं. पैसे तर दिले नाहीतच, मारलं, मोबाईल काढून घेतला आणि पुढच्या फाट्याला ढकलून दिलं. सकाळी ती सरकारी दवाखान्यात ड्रेसिंगला आली तेव्हा मी एका अपघाताच्या बातमीसाठी तिथंच होतो. केसपेपरवर ‘पडून लागले’ असं होतं, कारण तिनंच तसं सांगितलं होतं. मी म्हटलं, ‘ताई, तक्रार द्या. मी येतो बरोबर.’ तिनं जे उत्तर दिलं ते मला पाठ झालंय. ‘भाऊ, ठाण्यात गेले की पहिला प्रश्न मलाच. एवढ्या रात्री तू तिथं काय करत होतीस? त्याचं उत्तर दिलं की मग तक्रार माझी राहत नाही, माझ्यावरच होते.’

गाडीचा निम्मा नंबर तिला आठवत होता. तो कुठल्याच कागदावर आला नाही. ते तिघं त्यानंतर कुणाला गाडीत घेऊन गेले असतील, ती बाई धंद्यातली असेल की कंपनीतून सुटून रिक्षाची वाट बघत उभी असलेली, कुणाला माहीत.

माझं म्हणणं सगळं यात आलं. रस्त्यावरच्या धंद्याबद्दल पोलिसांनी आणि गावानं केलेलं काम बरोबर की चूक, हे किती बायका उचलल्या यावर ठरत नाही. त्यातल्या बाईला मार बसला, तिच्यावर जबरदस्ती झाली, किंवा तिनं एखादी लहान पोरगी तिथं आणलेली बघितली, तर ती पोलीस स्टेशनची पायरी चढू शकते का, यावर ठरतं. ती चढू शकत असेल तर त्या गल्लीत काय चाललंय ते पोलिसांना कळतं. ती घाबरत असेल तर तिथं फक्त गुंड, दलाल आणि हफ्ता घेणारे यांचं राज्य चालतं. आपण जितक्या वेळा ‘हटवा’ म्हणतो तितकी ती पायरी उंच होते.

हे फक्त आपल्याच गावाचं नाही. गोव्यात वास्कोजवळ बायण्याची वस्ती होती. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जून २००४ मध्ये, ऐन पावसात, सरकारनं ती पाडली. तिथं धंद्यातल्या बायका होत्या, तशी धंद्याशी काहीही संबंध नसलेली मजुरांची कुटुंबंही होती. वस्ती गेली. धंदा लॉजमध्ये, फ्लॅटमध्ये, रस्त्यांवर विखुरला, हे तिथं काम करणाऱ्या संस्था तेव्हापासून सांगत आल्यात. एका ठिकाणी असलेल्या बायकांपर्यंत डॉक्टर पोचतो, संस्थेची कार्यकर्ती पोचते. विखुरलेल्या बाईपर्यंत फक्त दलालाचा फोन पोचतो.

आपल्या राज्यात नागपूरची गंगा-जमुना वस्ती बघा. ऑगस्ट २०२१ मध्ये तेव्हाचे पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांच्या काळात पोलिसांनी तिथल्या गल्ल्या बॅरिकेड लावून बंद केल्या. अल्पवयीन मुलींना आणलं जातं, गुन्हेगारी आहे, अशी पोलिसांची बाजू होती आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. परिसरातल्या काही रहिवाशांचा बंदीला पाठिंबा होता. दुसऱ्या बाजूला तिथल्या बायका रस्त्यावर आल्या, ज्वाला धोटे त्यांच्यासाठी उभ्या राहिल्या. दोन्ही बाजूंनी आंदोलनं झाली. बॅरिकेडनं गल्ली एका रात्रीत बंद होते. पण त्या गल्लीतल्या बाईचं भाडं, पोराची फी आणि कर्जाचा हप्ता दुसऱ्या दिवशी तसाच उभा असतो. ज्याला वस्ती बंद करायचीय त्यानं या प्रश्नाचं उत्तर बॅरिकेडच्या आधी तयार ठेवायला पाहिजे.

‘पण कायद्यानं गुन्हाच आहे ना?’ हा प्रश्न मला गेल्या आठवड्यात दहा जणांनी विचारला. तर कायदा काय आहे ते जरा नीट बघू.

१९५६ चा कायदा आहे, १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन त्याचं आजचं नाव आलं. पोलीस आणि आम्ही पत्रकार त्याला ‘पिटा’ म्हणतो. या कायद्यात सज्ञान बाईनं स्वतःच्या मर्जीनं देहविक्री करणं हा आपोआप गुन्हा होत नाही. गुन्हा आहे कुंटणखाना चालवणं, दुसऱ्याच्या कमाईवर जगणं, बाईला फूस लावून या धंद्यात आणणं, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं, आणि देऊळ-मशीद, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्या २०० मीटरच्या आत धंदा करणं. म्हणजे रस्त्यावर उभी राहणारी बाई कायद्याच्या कचाट्यात येऊ शकते, ते मी नाकारत नाही. कुणी बाई उघड बोलावत असेल तर पोलीस कारवाई करू शकतात.

पण त्याच कायद्याचं कलम ७ वाचा. २०० मीटरच्या आत धंदा झाला तर शिक्षा बाईला आहे आणि तिच्याबरोबरच्या पुरुषालाही आहे, ३ महिन्यांपर्यंत. आपल्या स्टँडमागच्या गल्लीपासून शाळा किती लांब आहे ते सगळ्यांना माहितीय. मग या कलमाखाली आजवर किती गिऱ्हाईकं कोर्टात उभी राहिली? माझ्या वीस वर्षांत मी एकाचीही बातमी लिहिलेली नाही. कलम ८ अजून गमतीचं आहे. गिऱ्हाईक बोलावल्याबद्दल बाईला पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड. तेच पुरुषानं केलं तर ७ दिवस ते ३ महिने. कायद्यानंच माप वेगवेगळं लावलंय आणि आपण त्याच्याही पुढं जाऊन पुरुषाचं माप फेकून दिलंय.

धाड टाकायचेही नियम आहेत. झडती घ्यायला जाताना बरोबर किमान दोन महिला पोलीस पाहिजेत. पंचांमध्ये किमान एक बाई पाहिजे. सापडलेल्या बायकांची चौकशी महिला अधिकाऱ्यानं करायची, ती नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेच्या महिला प्रतिनिधीसमोर करायची. हे कुणी समाजसेवकानं उदारपणे सुचवलेलं नाही, कलम १५ मध्ये लिहिलंय.

सुटका झालेल्या बाईचं पुढं काय होतं, हे तर कुणी विचारतच नाही. मॅजिस्ट्रेट चौकशी करून तिला १ ते ३ वर्षं सुधारगृहात ठेवू शकतात. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्यासमोर अशा तीन तरुण मुलींचं प्रकरण आलं. मालाडच्या एका गेस्ट हाऊसमधून त्यांना पकडलं होतं आणि वर्षभर वसतिगृहात ठेवायचा आदेश झाला होता. न्यायालयानं तो रद्द केला. त्या सज्ञान आहेत, कायद्यानं वेश्याव्यवसाय हाच मुळात गुन्हा नाही, आणि आपलं काम निवडायचा, हवं तिथं राहायचा हक्क त्यांनाही आहे, असं सांगून सोडून दिलं. ज्यांना हा निकाल आवडत नाही त्यांनी तो नावडता म्हणून ठेवावा, पण ‘कायद्यानं गुन्हा आहे’ असं निवेदनात लिहू नये.

आता सर्वोच्च न्यायालय. १९९९ मध्ये कोलकात्यात एका वेश्येचा निर्घृण खून झाला. डोकं आपटून आपटून मारलं होतं. त्या आरोपीचं अपील २०११ मध्ये फेटाळताना न्यायालय तिथंच थांबलं नाही. या बायकांना माणूस म्हणून जगता यावं यासाठी काय करता येईल, ते सांगायला समिती नेमली. अकरा वर्षांनी, १९ मे २०२२ ला, त्या समितीच्या शिफारशींवर आदेश निघाला. काही शिफारशींना केंद्र सरकारचे आक्षेप होते, त्या बाजूला राहिल्या. बाकीच्या राज्यांनी पाळायच्या आहेत, आणि त्यातल्या चार आपल्या सोमवारच्या बैठकीसाठी कामाच्या आहेत.

पोलिसांनी या बायकांना शिवीगाळ, मारहाण करायची नाही, माणसासारखं वागवायचं. लैंगिक अत्याचार झालेल्या वेश्येला इतर कुठल्याही पीडितेइतकीच मदत, दवाखान्यासह, लगेच मिळाली पाहिजे. तिच्याकडे निरोध सापडला तर तो गुन्ह्याचा पुरावा धरायचा नाही. आणि अटक असो, धाड असो की सुटका असो, बाई पीडित असो की आरोपी, तिची ओळख, तिचा फोटो बाहेर येऊ द्यायचा नाही.

निरोधाचं साधं वाटेल, पण नाहीये. पिशवी तपासतील म्हणून बायका गाडी दिसली की निरोध गटारात टाकतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मग त्या रात्री पुढं जे होतं त्याचा आजार फक्त त्या गल्लीत राहत नाही. तो गिऱ्हाईकाबरोबर घरी जातो, त्याच्या बायकोला होतो. तिनं तर निवेदनावर सही पण केलेली असते.

फोटोचा मुद्दा आमच्या धंद्याचा आहे, म्हणून त्यावर दोन शब्द. ‘सेक्स रॅकेटचा पर्दाफाश’ ही बातमी तुम्ही शेकडो वेळा वाचली असेल. फोटोत अधिकारी ओळीनं उभे, पुढं ओढणीत तोंड लपवून बसलेल्या बायका. मजकुरात ‘पीडित महिलांची सुटका’. सुटका झालेल्या माणसाला तोंड लपवून जमिनीवर का बसावं लागतं? ओढणी असली तरी पायातली चप्पल, हातातली बांगडी, साडी यावरून घरचे ओळखतात. मोठ्या शहरात खपून जाईल, तालुक्याच्या गावात चप्पल पुरते. आता तर पेपरची गरजच उरली नाही. पेपरवाल्याला निदान संपादक असतो. ग्रुपवर टाकणाऱ्या पोराला कोण आहे?

मला नेहमी विचारतात तो दुसरा प्रश्न, ‘अहो, पण फसवून आणलेल्या पोरींचं काय? सगळ्या मर्जीनं येतात का?’ बरोबर प्रश्न आहे. सगळ्या मर्जीनं येत नाहीत. मर्जी हा शब्दही जपून वापरावा असा आहे. नवरा दारूत गेलाय, मायक्रोफायनान्सवाला दारात बसलाय, धुण्याभांड्याचे पैसे पुरत नाहीत, तेव्हाची मर्जी कसली असते ते आपल्याला कळतं. पण म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला लागतात. अल्पवयीन मुलीला मर्जी असूच शकत नाही. तिथं पोक्सो आहे, पिटाचं कलम ५ आहे, मुलीला या धंद्यात ओढणाऱ्याला ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. तिथं दया-माया नको, एका मिनिटाचा उशीर नको.

पण अशी मुलगी आणलीय हे पोलिसांना सगळ्यात आधी कोण सांगू शकतं? तुम्ही नाही, मी नाही. शेजारी उभी असलेली बाई सांगू शकते. तीच बाई आपण कलम ११० खाली उचलतो. तिचाच व्हिडिओ काढतो.

सांगलीला हे वेगळ्या पद्धतीनं होऊ शकतं हे दिसलं. तिथं ‘संग्राम’ ही संस्था १९९२ पासून एचआयव्हीच्या प्रश्नावर वेश्यांबरोबर काम करते. त्यातूनच १९९६ मध्ये बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली, ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’. निरोध वाटायचं काम बाहेरच्या कुणी येऊन केलं नाही, बायकांनीच एकमेकींना समजावून केलं. भांडणं, मारहाण, हफ्ता यांची दखल घ्यायला त्यांच्या स्वतःच्या समित्या झाल्या. तिथं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पोलीस आणि बायका यांच्यात तिथंही खटके उडालेत. पण एकट्या बाईला ठाण्यात जायला जी भीती वाटते ती दहा जणी मिळून गेल्या तर कमी होते, हे तिथं सिद्ध झालंय. इथंही होईल.

‘त्यांना दुसरं काम द्या, पुनर्वसन करा’, हे तर सगळेच म्हणतात. मीही म्हणतो. फक्त कोण देणार ते सांगा. स्टँडमागच्या एका बाईनं मध्ये एका मेसमध्ये पोळ्या लाटायचं काम धरलं होतं. अकराव्या दिवशी कुणीतरी ओळखलं, बाराव्या दिवशी तिला येऊ नको सांगितलं. करोनात राज्य सरकारनं या महिलांना ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० साठी महिना ५,००० रुपये आणि मुलं शाळेत असलेल्यांना जादा २,५०० रुपये द्यायचं ठरवलं होतं. चांगला निर्णय होता. आपल्या गावातल्या ज्या दोघींशी मी बोललो त्यांनी नाव नोंदवलं नाही. ‘यादी बाहेर आली तर?’ एवढंच त्या म्हणाल्या. आता त्या ग्रुपवरच्या व्हिडिओनंतर त्या चुकल्या होत्या असं मला म्हणता येत नाही.

तर सोमवारी मी बैठकीला जाणार आहे आणि पुढच्या गोष्टी मागणार आहे. ज्यांना पटतील त्यांनी बरोबर या. ज्यांनी निवेदनावर सही केलीय त्यांनी तर नक्की या, कारण यातल्या पहिल्या दोन मागण्या तुमच्याच आहेत.

१) गल्लीत नगरपालिकेनं दिवे लावावेत आणि स्टँडची पोलीस चौकी संध्याकाळी सहा ते रात्री अकरा उघडी ठेवावी. आत्ता तिला कुलूप असतं आणि समोर रिक्षा लागतात.

२) पोरीबाळींना, बायकांना अडवणाऱ्या, काहीबाही बोलणाऱ्या पुरुषांवर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ आणि ७९ खाली गुन्हे दाखल व्हावेत. मग ती बाई क्लासहून येणारी असो की तिथं उभी राहणारी.

३) व्हिडिओ काढणाऱ्या पोरांना बोलावून ते डिलीट करून घ्यावेत आणि ग्रुप ॲडमिनना लेखी समज द्यावी. पोरं आपलीच आहेत, आयुष्य बरबाद करायचं नाहीये कुणाचं. पण त्या शाळेत जाणाऱ्या मुलीचंही होऊ द्यायचं नाहीये.

४) या बायकांच्या तक्रारीसाठी एक महिला अधिकारी ठरवून द्यावी, तिचं नाव आणि वेळ त्यांना कळवावी. मारहाणीची तक्रार आली तर पहिला प्रश्न ‘कुणी मारलं’ हा असावा.

५) पिटाच्या कलम १३ मध्ये विशेष पोलीस अधिकाऱ्याला सल्ला द्यायला परिसरातल्या जास्तीत जास्त पाच समाजसेवकांचं मंडळ नेमायची सोय आहे, शक्य तिथं महिलांसह. तसं मंडळ आपल्यासाठी नेमावं अशी मागणी सरकारकडे करावी. सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर, एक वकील मॅडम आणि एक निवृत्त शिक्षिका तयार आहेत, मी विचारून ठेवलंय.

६) लॉजची रजिस्टरं नियमित तपासावीत. अल्पवयीन मुलीचा संशय आला तर कुणीही १०९८ किंवा ११२ ला फोन करावा, आणि सांगणाऱ्या बाईचं नाव गुप्त राहील याची पीआय साहेबांनी बैठकीत हमी द्यावी.

यातलं काहीच फुकटचं उदात्त नाही. चार दिवे, एक कुलूप उघडणं, एका महिला अधिकाऱ्याचा तासभर. रास्ता रोकोला यापेक्षा जास्त पोलीस लागतील.

मला माहितीय काही जण लिहितील, ‘एवढा पुळका आहे तर तुझ्या घरासमोर उभ्या कर.’ लिहा. माझं उत्तर आत्ताच देऊन ठेवतो. माझ्या घरासमोर कुणी उभं राहिलं तर मी दिवा मागीन, पोलीस चौकी मागीन, माझ्या मुलीला बोलणाऱ्याला आत टाका म्हणीन. ती बाई दुसऱ्याच्या दारात अंधारात नेऊन सोडा असं मागणार नाही, कारण तो अंधार फिरून आपल्याच गावात राहतो.

आणि एक शेवटचं. ज्यांच्या मोबाईलमध्ये तो व्हिडिओ आहे त्यांनी आज रात्री झोपायच्या आधी डिलीट करा. या पोस्टखाली कुणी टाकला तर मी पोस्ट उडवणार नाही, टाकणाऱ्याला ब्लॉक करीन आणि स्क्रीनशॉट घेऊन सोमवारी बैठकीत देईन. बाकी सगळ्या मतांचं स्वागत आहे, विरोधातल्या मतांचं जास्त.

सोमवारी, पाच वाजता, पोलीस स्टेशन. वेळेवर या.